नातवंड आणायला जाताना

परदेशी स्थायिक झालेली तुमची लेक आणि जावई कोलंबियातून बाळ दत्तक घेत आहेत आणि तुम्हीही सोबतीला बोगोटाला निघाला आहात, असे समजा. न्यायालयीन सोपस्कार पुरे होईपर्यंत कुटुंबाला तिथे काही आठवडे राहावे लागते. बाळाची ओळख होते ती याच दिवसांत.

बोगोटा सुमारे २,६४० मीटर उंचीवर वसले आहे. तिथली विरळ हवा बाळाच्या अंगवळणी पडलेली असते. धाप लागते ती आपल्याला. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी. हृदयाचा वा फुप्फुसांचा विकार असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मोन्सेराते डोंगराचा माथा ३,१०० मीटरहून उंच आहे. रज्जुमार्गाची सोय असली, तरी तो शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवावा.

स्थलदर्शन बाळाच्या कलाने व्हावे. बागेतला तासभर पुरेसा असतो. भरवणे, न्हाऊ घालणे, निजवणे मात्र आईबाबांनाच करू द्यावे. हक्काची कूस कोणती, हे बाळाला आधी उमगले पाहिजे. तुम्हाला पाहून ते रडले, तर मनाला लावून घेऊ नका. त्याच्या गावात परके आपणच आहोत. शेजारी बसा, हात पुढे करा आणि थांबा. बोट त्याला धरू द्या, त्याच्या सवडीने.