कांजिण्यांत आंघोळ बंद नको

कांजिण्या आल्या की आंघोळ बंद, ही रीत चेंबूरच्या चाळींपासून टॉवरपर्यंत अजून आढळते. पण हा आजार विषाणूचा. पाण्याने फोड वाढत नाहीत, मळक्या नखांनी खाजवल्यावर चिघळतात. म्हणून नखे कापा, कोमट पाण्याने आंघोळ घाला, अंग न घासता टिपा. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायला हरकत नाही. औषधाऐवजी मात्र नको. तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळा.

एका खोलीच्या घरात मुलाला वेगळे कसे ठेवणार, ही शंका रास्त आहे. लागण तर पुरळाआधी 1-2 दिवसच पसरू लागते. तरीही सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळेत पाठवू नका, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाला लांब ठेवा. धाप, गुंगी किंवा 4 दिवसांपलीकडे ताप राहिल्यास लगेच डॉक्टर गाठा.