एक सांगाडा, अनेक रायफली : बेल्जियमच्या ‘स्कार’चा व्यापारी धडा

रायफल हा आपल्या दुकानात विकला जाणारा जिन्नस नव्हे, आणि विकावा असाही नव्हे. माणसाचा जीव घेणे हेच तिचे काम आहे, ही गोष्ट विसरून तिच्याविषयी लिहिता येत नाही. परंतु तीही एका कारखान्यात, कारागिरांच्या हातून, ठरलेल्या भावाने तयार होते. तिलाही गिऱ्हाईक शोधावे लागते, नमुना पसंत करून घ्यावा लागतो, आणि सौदा पक्का झाल्यावरही निम्मी मागणी रद्द होण्याची वेळ येते. बेल्जियमच्या एका शंभर वर्षांहून जुन्या कारखान्यावर २०१० साली नेमका हाच प्रसंग आला. माल उत्तम होता, कारागिरी उत्तम होती, तरीही असे का झाले? व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घ्यावे असे त्यात बरेच आहे.

कानशीपासून यंत्रापर्यंत

बेल्जियममधील लिएज शहर हे बंदूक बनविणाऱ्या कारागिरांचे जुने गाव. कोणी नळी घडवी, कोणी चाप, कोणी लाकडी दस्ता. पुष्कळ कारागीर घरीच नगावर मजुरी घेऊन काम करीत. प्रत्येक भाग कानशीने घासून त्या त्या बंदुकीत बसवावा लागे, त्यामुळे एका बंदुकीचा भाग दुसरीत बसेलच याची खात्री नसे. १८८९ साली बेल्जियम सरकारला दीड लाख माउझर रायफली हव्या होत्या. इतका मोठा माल एकसारखा पुरविणे एकेकट्या कारखानदाराला शक्य नव्हते. म्हणून तेथील कारखानदार एकत्र आले आणि लिएजजवळ हेर्स्टाल येथे ‘फाब्रिक नॅशनाल’ हा कारखाना उभा राहिला. जगभर तो ‘एफएन’ या नावाने ओळखला जातो. पुढे त्याने सायकली, मोटारसायकली आणि मोटारीही बनविल्या.

याच कारखान्याची ‘एफएएल’ ही रायफल १९५० च्या दशकात निघाली आणि कितीतरी देशांच्या फौजांनी ती स्वीकारली. आपल्याकडे पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षे दिसलेली ‘एसएलआर’ ही तिचीच भारतीय बहीण. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ती तयार झाली. येथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. बेल्जियमची एफएएल मिलिमीटरच्या मापाची, तर ब्रिटनने तीच रायफल इंचाच्या मापात बसवून घेतली, आणि ईशापूरने आपली मापे आणखी वेगळी ठेवली. दिसायला तिन्ही एकसारख्या, पण एकीचे सर्वच भाग दुसरीत बसत नाहीत. माप बदलले की सुटा भाग निरुपयोगी होतो, हे यंत्रमागवाल्यांना किंवा शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

गिऱ्हाइकाची मागणी

२००३ साली अमेरिकेच्या खास पथकांच्या मुख्यालयाने नव्या रायफलीची मागणी काढली. या पथकांना कधी घरांच्या गल्लीत, कधी उघड्या डोंगरात काम करावे लागते. गल्लीत आखूड नळी सोयीची, डोंगरात लांब नळी आणि जड गोळी हवी. प्रत्येक कामासाठी निराळी रायफल घेतली तर सुटे भाग निराळे, दुरुस्तीचे कसब निराळे आणि शिपायाचा सरावही निराळा. म्हणून एकाच रचनेची, भाग बदलून वेगवेगळ्या कामी येणारी रायफल त्यांना हवी होती. नोव्हेंबर २००४ मध्ये एफएनचा नमुना निवडला गेला. त्याचे नाव ‘स्कार’.

स्कारची दोन मुख्य रूपे आहेत. ‘एल’ म्हणजे हलकी, ती ५.५६ मिलिमीटरची गोळी चालविते आणि अमेरिकी फौजेत तिचे नाव ‘मार्क १६’. ‘एच’ म्हणजे जड, ती ७.६२ मिलिमीटरची गोळी चालविते, तिचे नाव ‘मार्क १७’. दोघींचा वरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, खालचा भाग कणखर प्लॅस्टिकचा. बहुसंख्य भाग दोघींत सामायिक आहेत. हलकीला १०, १४ किंवा १८ इंची नळी लागते; जडला १३, १६ किंवा २० इंची. नळी बदलणे थोड्या मिनिटांचे काम आहे, त्यासाठी रायफल कारखान्यात पाठवावी लागत नाही. दस्ता दुमडतो आणि लांबीला कमीजास्त होतो. डावखुऱ्या माणसासाठी कळा दोन्ही बाजूंना आहेत. दुर्बीण, दिवा वा नळीखालचा ग्रेनेड फेकण्याचा जोड बसविण्यासाठी खाचांच्या पट्ट्या आहेत. याच रचनेतून पुढे लांब पल्ल्याची अचूक ‘मार्क २०’ निघाली, आणि फारच आखूड नळीचे रूपही निघाले. सांगाड्याचा विचार एकच, कामे अनेक.

निम्मी मागणी गेली

२००९ मध्ये स्कार शिपायांच्या हाती पडू लागली. परंतु जून २०१० मध्ये त्याच मुख्यालयाने जाहीर केले की हलकी मार्क १६ यापुढे घ्यावयाची नाही; जड मार्क १७ आणि मार्क २० मात्र घ्यावयाच्या. हलकीत दोष निघाला म्हणून हा निर्णय झाला नव्हता. शिपायांजवळ ५.५६ मिलिमीटरची ‘एम ४’ रायफल आधीच मुबलक होती. नवी तिच्यापेक्षा सरस होती असे मानले तरी तो फरक नव्या खर्चाला पुरेसा नाही, आणि पैसा मोजका आहे, असा त्यांचा हिशेब होता. जड गोळीची, हाताळायला सोपी अशी रायफल मात्र त्यांच्याजवळ पुरेशी नव्हती. ती उणीव मार्क १७ ने भरून काढली, म्हणून ती टिकली.

एफएनने धंदा सोडला नाही. बेल्जियमच्या स्वतःच्या फौजेने हलकी स्कार घेतली. २०१९ साली पोर्तुगालच्या लष्कराने अनेक दशकांच्या जुन्या ‘जी ३’ रायफलीच्या जागी स्कारची हलकी व जड अशी दोन्ही रूपे पसंत केली. अमेरिकेने जो माल नाकारला तो तेथे खपला, कारण तेथे गिऱ्हाइकाची गरज खरी होती. तक्रारींकडेही कारखान्याने लक्ष दिले. गोळी सुटताना कॉकिंग हँडल मागेपुढे होई आणि अंगठ्याला मार बसे. पुढे स्थिर राहणाऱ्या हँडलची रूपे बाजारात आली.

भारताचा अनुभव

आपल्या देशानेही हा मार्ग चाचपून पाहिला. २०११ साली भारतीय लष्कराने नळी बदलून दोन प्रकारच्या गोळ्या चालविणाऱ्या रायफलींसाठी निविदा काढली. परदेशी कंपन्यांच्या रायफलींच्या चाचण्या झाल्या, परंतु २०१५ मध्ये ती निविदा रद्द करण्यात आली. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये ७.६२ मिलिमीटरच्या ७२,४०० ‘सिग ७१६’ रायफलींचा करार झाला, आणि त्याच वर्षी अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे ‘एके २०३’ बनविण्याचा प्रकल्प जाहीर झाला. एका रायफलीने दोन कामे करण्याऐवजी दोन कामांना दोन रायफली, असा हा सौदा ठरला.

आपण काय घ्यावे

पहिली गोष्ट मापाची. भाग एकमेकांत बसले तर माल टिकतो, दुरुस्ती स्वस्त होते आणि गिऱ्हाईक परत येते. जो कारागीर आपले माप लिहून ठेवतो व त्यात बदल होऊ देत नाही, त्याच्या मालाला उद्याही भाव आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. अनेक कामे करणारी वस्तू बनविणे हे हुन्नर आहे, परंतु गिऱ्हाईक हुन्नराचे पैसे देत नाही, उणीव भरून निघाल्याचे देते. कपाटात चांगला कोट असताना थोडा अधिक चांगला कोट दाखविला तर तो ‘छान आहे’ म्हणतो आणि उठून जातो. नवा नमुना काढण्यापूर्वी, मागे लावण्यापूर्वी किंवा भांडवल अडकविण्यापूर्वी एवढेच विचारावे : गिऱ्हाइकाजवळ आज काय नाही? हेर्स्टालच्या निष्णात कारागिरांनाही या एका प्रश्नाने निम्म्या मागणीची किंमत मोजायला लावली. आपले भांडवल त्यांच्याइतके मोठे नाही, म्हणून आपण हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.