घरच्या संग्रहापर्यंतची वाट



पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, बेला, जैनथ या भागांत मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. त्यांची मुले शिक्षणासाठी आणि चाकरीसाठी हैदराबाद, नागपूर, पुणे येथे, क्वचित परदेशीही जातात. मागे उरतो तो घरचा संग्रह: लग्नकार्यांची चित्रणे, आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या, जुनी नाटके आणि छायाचित्रे. हल्ली काही घरांतून हा संग्रह एका लहानशा संगणकावर साठवतात आणि जेलीफिन किंवा प्लेक्स यांसारख्या प्रणालीच्या साह्याने घरातील कोणत्याही पडद्यावर पाहतात. अशा संगणकास मीडिया सर्व्हर म्हणतात. घरात तो बिनतक्रार चालतो. परंतु पुण्याच्या वसतिगृहातून मुलाने हाक मारली, की ओ देत नाही. असे का होते आणि दोष कोठे शोधावा, याचा विचार आज करू.

दूरच्या माणसाला घरात आणण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे व्हीपीएन. सार्वजनिक रस्त्याखालून आपल्यापुरते एक भुयार खणावे आणि त्याची किल्ली घरच्या माणसांपाशीच असावी, असा हा प्रकार होय. वायरगार्ड ही त्यासाठी आज फार वापरली जाणारी प्रणाली. २०२० साली तिला लिनक्सच्या गाभ्यातच स्थान मिळाले. भुयार बंद पडले, की माणसे एकाच वेळी दहा गोष्टी बदलून पाहतात, आणि मग मूळ दोष कोणता व आपण घातलेला कोणता, हेच कळेनासे होते. म्हणून पहिला नियम हा की, शोध घरातून बाहेर, एकेक पायरीने करावा.

पहिली पायरी घरातली. घरच्याच वाय-फायवरून सर्व्हर उघडतो का? तेथेही उघडत नसेल तर व्हीपीएनला बोल लावण्यात अर्थ नाही. वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू झाला नसेल, अथवा राउटरने त्याला नवा अंतर्गत पत्ता दिला असेल. राउटरमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला, की हा दुसरा दोष पुन्हा उद्भवत नाही.

दुसरी पायरी भुयाराची. येथे परीक्षा घेताना फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइलचे इंटरनेट वापरावे. घरात बसून घराच्याच वाय-फायवरून बाहेरचे दार ठोठावले, तर उत्तर फसवे मिळू शकते. आता वायरगार्डमध्ये शेवटच्या हस्तांदोलनाची वेळ पाहावी. वायरगार्डचा स्वभाव मितभाषी आहे. अनोळखी किल्लीला तो नकारही देत नाही. नुसता गप्प राहतो. तेव्हा हस्तांदोलन मुळीच होत नसेल, तर किल्ली चुकली असेल, पोर्ट बंद असेल, किंवा पत्ताच चुकीचा असेल. आपल्याकडे बहुधा या तिसऱ्या कारणाशी गाठ पडते.

ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्तेच संभवतात. त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. मग अनेक इंटरनेट कंपन्यांनी पुष्कळ ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देण्याची युक्ती योजली. मोठ्या चाळीला दारावरचा क्रमांक एकच असावा, तसे हे आहे. खोलीतून पाठवलेल्या पत्राचे उत्तर भैया बरोबर आणून देतो, कारण पत्र कोणी पाठवले ते त्याने टिपून ठेवलेले असते. परंतु बाहेरून नवे पत्र आले, तर ते कोणत्या खोलीचे, हे त्याला ठाऊक नसते. तो ते टाकून देतो. मुलाची हाक नेमकी येथेच हरवते.

याची पारख सोपी आहे. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता वाचावा आणि ‘माझा पत्ता काय’ हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरील पत्त्याशी तो ताडून पाहावा. दोन्ही निराळे असतील, विशेषतः राउटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर घर चाळीत आहे असे समजावे. हे आकडे २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवण्यात आले. मग घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग नाही.

उपाय तीन. एक, कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा. त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात. दोन, आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता वापरावा; मात्र तो दोन्ही टोकांना हवा आणि राउटरने त्या एका पोर्टाला वाट दिली पाहिजे. तीन, टेलस्केलसारखी मध्यस्थ सेवा घ्यावी. तीत दोन्ही टोके बाहेरच्या दिशेने हाक मारतात आणि वाटेत भेटतात. थेट भेट न जमल्यास मजकूर कुलूपबंद अवस्थेतच तिसऱ्या ठिकाणाहून जातो, पण वेग उतरतो.

तिसरी पायरी: हस्तांदोलन होते, तरी सर्व्हरचे पान उघडत नाही. येथे दोन्ही ठिकाणचे अंतर्गत क्रमांक पाहावेत. घरीही १९२.१६८.१ आणि वसतिगृहातही १९२.१६८.१ असेल, तर मुलाचा संगणक घरचा सर्व्हर वसतिगृहातच शोधत बसतो. घरचा क्रमांक १९२.१६८.४७ असा सहसा न आढळणारा ठेवावा.

चौथी पायरी: यादी दिसते, पण चित्र अडखळते. दोन तासांचा ९ जीबीचा चित्रपट सेकंदाला सुमारे १० मेगाबिट मागतो. घरातून बाहेर जाणारा वेग ५ असेल, तर दोष भुयाराचा नसून रस्त्याच्या रुंदीचा आहे. चित्राचा दर्जा उतरवावा. मात्र वेग पुरेसा असूनही लहान पाने उघडतात आणि मोठा मजकूर अडकतो, असे घडल्यास पाकिटाचा आकार, ज्याला एमटीयू म्हणतात, तो १४२० वरून १२८० करून पाहावा.

या खटपटीला कंटाळून कोणी सर्व्हरचे दारच जगाला उघडे करून देतात. ते टाळावे. २०२२ साली परवलीचे शब्द सांभाळणाऱ्या लास्टपास कंपनीतील एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात चोर शिरले, ते प्लेक्सच्या जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन. आणि तेथून कंपनीच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतींपर्यंत पोचले. तो दोष मे २०२० मध्येच दुरुस्त झाला होता; त्या घरी नवी आवृत्ती तेवढी घेतली नव्हती. म्हणजे करमणुकीचे यंत्र म्हणून त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. त्याची आवृत्ती वेळोवेळी नवी करावी.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. ज्याला हे सारे कळते तो बहुधा दूर असतो, आणि यंत्रापाशी असतात आईवडील. म्हणून सर्व्हरचा अंतर्गत पत्ता, राउटरवर एरवी पेटणारे दिवे आणि वीज आल्यावर काय आधी सुरू करावे, हे मराठीत एका कागदावर लिहून यंत्राशेजारी चिकटवावे. आणि आजीच्या ओव्यांची एक प्रत निराळ्या तबकडीवर दुसऱ्या घरी ठेवावी. वाट बंद पडली तर दुरुस्त करता येते. एकुलती प्रत गेली, तर तो आवाज पुन्हा मिळत नाही.