गाडी बोटीत, सीमा पाण्यात!

माझगावातून मोटार काढायची, भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढवायची आणि थेट अलिबागच्या वाटेला लागायचं! खाडी किंवा नदी आडवी आली म्हणून प्रवास अडत नाही. कोकणापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या या काही भन्नाट गोष्टी.

वळसा वाचला!
मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, सुरू झाली. सडकेने शंभराहून अधिक किलोमीटर, पाण्यातून साधारण तासभर. धक्क्याचे 'भाऊ' म्हणजे तो एकोणिसाव्या शतकात बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य.

बोटीतच जिल्हा बदलतो
वेसवीला रत्नागिरी जिल्ह्यात चढा, बागमांडल्याला रायगडात उतरा. मधे सावित्रीची खाडी. फेरीबोटीची लोखंडी झडप खडखडत धक्क्याला टेकते. 'येऊ दे, येऊ दे... बास!' म्हणत खलाशी गाड्या अशा लावून घेतो की दार जेमतेम उघडावं.

नदीपलीकडचा गोवा
तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर महाराष्ट्र, पण तिथला तेरेखोल किल्ला मात्र गोव्याचा! सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. केरीहून फेरीने गेलात तर नदी ओलांडूनही तुम्ही गोव्यातच!

पुलाने घेतलं वळण
आफ्रिकेत काझुंगुला इथे झांबेझी नदीच्या काठी चार देश जवळजवळ एकमेकांना भिडतात. झांबिया-बोत्स्वानाची सामाईक सीमा जेमतेम दीडशे मीटर. पूर्वी तराफ्यासाठी ट्रक दिवस-दिवस खोळंबायचे. मे 2021 मध्ये 923 मीटरचा पूल खुला झाला, तोही झिम्बाब्वेची हद्द टाळत वळसा घेऊन.

माणूस पार, गाडी अलीकडेच
दक्षिण आफ्रिका-बोत्स्वाना सीमेवरच्या पाँट ड्रिफ्टला लिम्पोपो नदी आटली की गाड्या पात्रातून जातात. पाणी चढलं की माणसं तारेवरच्या पाळण्यातून पलीकडे!

पूल होण्याआधी...
इकडे कोकणात रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्यांवर पूल उभे राहायचे आहेत. ते व्हायलाच हवेत. रात्री-अपरात्री दवाखाना गाठणाऱ्यांसाठी पूल म्हणजे जीवदान. पण पूल झाला की फेरीबोटीचे दिवस सरतात. म्हणून या सुट्टीत पोराबाळांना घेऊन एकदा तरी गाडीसकट खाडी पार कराच!