विषयपत्रिकेचे महत्त्व

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांतून एकदा भरविणे आवश्यक आहे. सभेची सूचना सदस्यांना पूर्ण सात दिवस अगोदर द्यावी लागते. विशेष सभेसाठी ही मुदत तीन दिवसांची असते. सूचनेसोबतच्या विषयपत्रिकेवरून सदस्यांना प्रत्येक विषयाचा पूर्वाभ्यास करता यावा, हा यामागील हेतू होय. एखाद्या वस्तीच्या नळाचा वा गटाराचा प्रश्न विषयपत्रिकेत यावयाचा राहिला, तर तेथील रहिवाशांना पुढील सभेपर्यंत तिष्ठत राहावे लागण्याचा संभव असतो. सभेत संमत झालेला ठराव इतिवृत्तात नोंदविला जातो व त्याच्याच आधारे प्रशासन पुढील कार्यवाही करते. म्हणूनच सभेपूर्वी विषयपत्रिका आणि सभेनंतर इतिवृत्त काळजीपूर्वक वाचणे, हे प्रत्येक लोकप्रतिनिधीचे आद्य कर्तव्य ठरते.