उशिराची पदवी आणि घरातली माणसे

पस्तिशी-चाळिशीत पुन्हा विद्यापीठात नाव घालणाऱ्या माणसाच्या जिद्दीचे आपल्या चळवळीत कौतुक फार होते. त्या जिद्दीची किंमत घरात कोण मोजते, हा प्रश्न मात्र आपण टाळतो.

बाबासाहेबांचेच पाहा. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1920 मध्ये संसार मागे ठेवून पुन्हा विद्यार्थी म्हणून लंडनला गेले. 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. ती वर्षे तुटपुंज्या पैशांत घर ओढले रमाईंनी. सभांतून आपण याला त्याग म्हणतो. माझ्या मते तो श्रम होता, आणि श्रमाचा हिशेब मांडता येतो.

आमच्या मूलकडे हा हिशेब धानाच्या हंगामावर मांडावा लागतो. 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि मोलमजुरी करणाऱ्यालाही घरी राहून पदवी घेता येऊ लागली. 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. नागपूरच्या खेपा वाचल्या. पण अंतर घटले म्हणून वेळ मिळत नाही. प्रवेशाच्या दिवसांत रोवणी असते, उन्हाळी परीक्षेच्या सुमारास तेंदूपत्ता. बाईने पुस्तक धरले तर तिच्या वाटची रोवणी सासू नाही तर मुलगी करते. पुरुषाने धरले तर बायको करते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय ज्या घरात आजवर कोणी शिकले नाही, तिथे पुस्तक घेऊन बसणे हे कामच वाटत नाही. ते रिकामे बसणे दिसते.

मी कॉलेजात शिकवत असतानाच पीएच.डी.साठी पुन्हा विद्यार्थी झालो. ‘मंग तू मास्तर आहेस का विद्यार्थी?’ असे बाबांनी विचारले, तेव्हा मी हसलो. उत्तर मलाही ठाऊक नव्हते. वर्गात मी सर होतो, मार्गदर्शकांच्या दारात ताटकळणारा पोरगा होतो. तिथला कमीपणा मी घरी आणून वाटला, हे उशिरा कळले. एकदा पाहुण्यांसमोर बायको ‘पानी’ म्हणाली आणि मी ‘पाणी’ अशी दुरुस्ती केली. माझा प्रबंध दलित साहित्यातील बोलीभाषेवर होता! त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्या मित्रांसमोर बोललीच नाही. प्रमाणभाषेविरुद्ध लिहिणाऱ्याच्याच घरात प्रमाणभाषेने एका बाईला मुकी केले. तरुण मुलगा विद्यापीठातून बदलून येतो, तेव्हा बहुधा त्याचा संसार मांडायचा असतो. प्रौढाचा मांडलेला असतो. त्याचा बदल दुसऱ्याच्या अंगावर पडतो.

यंदा तिने मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले आहे. संपर्कसत्राच्या रविवारी भात मी शिजवतो. आईला ते अजून पटलेले नाही. शेजारपाजारच्यांना दिसू नये म्हणून ती दार लोटून घेते.