चार संघांचा गट आणि गोलांची वजाबाकी

आपलीं मुलें तिन्ही सामने हरलीं, मग त्यांच्या खेळाचा गटावर परिणाम तो काय, असें विचारणारे पुष्कळ भेटतात. २०१७ सालीं भारतांत झालेल्या, सतरा वर्षांच्या आंतील मुलांच्या जागतिक फुटबॉल-स्पर्धेचा 'अ' गट पाहावा.

चोवीस संघ, चार-चारांचे सहा गट. विजयास ३ गुण, बरोबरीस १. यजमान म्हणून भारतास पात्रता-फेरी खेळावी लागली नाहीं. (कोल्हापूरचा अनिकेत जाधव ह्याच संघांतला.) अमेरिकेनें आपणांस ३-०, कोलंबियानें २-१, घानानें ४-० असें हरविलें. ह्या तिघांनीं आपापसांत एकेक सामना जिंकला, एकेक गमावला. म्हणून प्रत्येकाचे गुण ६!

आतां आमच्या देवगाव फाट्यावरील शाळकरी मुलास जमेल अशी वजाबाकी. केलेल्या गोलांतून झालेले गोल वजा करावे. घाना ५-१, बाकी ४, म्हणून पहिला. पांचांपैकीं चार गोल आपल्यावरचे. कोलंबिया व अमेरिका दोघेही ५-३, बाकी २. ९ ऑक्टोबरला जीक्सन सिंगनें कोलंबियावर गोल केला, फिफाच्या जागतिक स्पर्धेंतील भारताचा पहिला. तो नसता तर कोलंबियाची बाकी ३ झाली असती व हा पेंच पडताच ना.

मग त्या दोघांतला सामना पाहिला गेला. १२ ऑक्टोबरला नवी मुंबईस कोलंबियानें तो ३-१ असा जिंकला होता. त्याच वेळीं दिल्लीस भारत-घाना सामना चालू होता. दुसऱ्याचा निकाल पाहून कोणी बेतानें खेळूं नये म्हणून ही योजना.

तिसऱ्या अमेरिकेसही वाट मिळाली, कारण सहा तिसऱ्यांतले उत्तम चार पुढें जावयाचे होते. तिनें पॅराग्वेस ५-० असें हरविलें; दुसऱ्या आलेल्या कोलंबियास मात्र जर्मनीनें ४-० नें घरीं पाठविलें.